चौथा साज

मागच्या महिन्यात माझ्या भाच्याचा फोन आला. तो रांजणगावला कंपनीत आहे, पाळी सुटली की मित्रांना जमवून गातो. त्यांना आता 'ओरिजिनल' गायन पार्टी काढायची आहे, जुन्या पद्धतीची. पॅड नको, कीबोर्ड नको. "मावशी, तुमच्या टायमाला पार्टीत कोणकोणते साज असायचे?" मी झटकन सांगितलं, पेटी, ढोलकी, तुणतुणं. आणि थांबले. तो म्हणाला, "आन् खंजिरी? युट्यूबवर तर दिसती." मी म्हटलं, असायची. मग गॅसवर दूध ठेवलंय असं सांगून फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं. साठी कधीच उलटली, दौंडच्या रेल्वे ऑफिसातून पेन्शन घेऊन बाहेर पडले, आणि तरी एका वाद्याचं नाव घेताना माझे कान गरम होतात. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं.

आमचं घर निमोण्यात, बौद्ध वस्तीच्या अगदी कडेला. पुढे अंगण, अंगणात लिंबाचं झाड, आणि घरात शिरलं की समोरच फळीवर पेटी. घरात देवघर नव्हतं, पण त्या पेटीचा मान देवघरापेक्षा कमी नव्हता. तिच्यावर आईच्या लुगड्याचा तुकडा झाकलेला असायचा आणि चुलीचा धूर तिकडे वळला की आप्पा आधी पेटी उचलायचे, मग आम्हाला. आप्पा गवंडीकाम करायचे. बोटांना चुना-सिमेंटने चिरा पडलेल्या, पण रविवारी दुपारी तीच बोटं पेटीवर पडली की चिरा कुठे गेल्या कळायचं नाही. पेटीचा भाता एका जागी फाटला होता. त्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं होतं आणि उकाड्यात त्या रबराचा वास येई. मला अजून पंक्चरच्या दुकानावरून जाताना आधी गाणं आठवतं, मग सायकल.

रविवारची दुपार म्हणजे तालीम. ढोलकीला गौतममामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो आला की आधी चुलीपाशी जायचा, ढोलकीचं तोंड विस्तवापुढे फिरवत शेकायचा आणि आईने शेंगोळ्यांसाठी मळलेल्या हुलग्याच्या पिठातला एक तुकडा तोंडात टाकून शिवी खायचा. तुणतुण्याला कोंडिबातात्या. तात्यांचं वय आम्हाला कधी कळलं नाही, मी लहान होते तेव्हाही ते म्हातारे होते आणि मी नोकरीला लागले तेव्हाही तेवढेच म्हातारे. ते एका तारेवर तासन् तास टुंगटुंग करत डोळे मिटून बसायचे आणि कुणी म्हटलंच की तात्या झोपले, तर तार न थांबवता म्हणायचे, "झोपलो आस्तो तर तुला कळलं आस्तं." मागे कोरसला वस्तीतली चार-सहा पोरं. भीमगीतं, बुद्धाची गाणी, जयंतीची, लग्नातली. शिरूर, केंदूर, पार दौंडपर्यंत आमच्या पार्टीला बोलावणं असायचं.

आप्पांचे पार्टीचे काही कायदे होते, आणि ते कोर्टातल्या कायद्यांपेक्षा कडक होते. पहिला कायदा, साज चारच. पेटी, ढोलकी, तुणतुणं, खंजिरी. पाचवी हाताची टाळी. त्या काळात बेंजो नुकताच आमच्या भागात आला होता. तो टाइपरायटरसारख्या बटणांचा, खाली तारा, आणि वायर लावून भोंग्यातून किंचाळणारा. वरातीत तो लोकांना वेड लावायचा. आप्पांना मात्र त्याचं नाव काढलेलं चालत नसे. "त्यो वरातीचा साज. तिथं लोक नाचाया येत्यात. आपल्याकडं ऐकाया येत्यात." दुसरा कायदा, ज्याच्या हातात साज त्यानेच पुढच्या ओळीत बसायचं. बाकी कितीही गोड गळ्याचा असो, मागे कोरसात.

आता आमच्या घरातली खरी गोष्ट सांगते. ती दोनच माणसांच्या उणिवांची आहे. पहिली उणीव माझी. मला ताल नाही. आमच्या घरात आई भाकरी थापायची तरी ठेक्यात, मामा जिना उतरायचा तरी ठेक्यात, आणि मी शाळेत लेझीम हातात घेतली की बाईंनी मला रांगेच्या शेवटी, मग रांगेच्या बाहेर आणि शेवटी पाण्याच्या घागरीपाशी उभं केलं. बरं, मला ते कळायचंही नाही. मला वाटायचं मी बरोबर वाजवतेय आणि बाकीचे घाई करताहेत. दुसरी उणीव आप्पांची. त्यांच्या गळ्यात सूर ओतलेला, पण डोक्यात शब्द ठरत नसत. धृपद पक्कं, पहिला अंतरा पक्का, दुसऱ्या अंतऱ्याला आले की पाटी कोरी. ते शिकलेले नव्हते, कागद पुढे ठेवून उपयोग नव्हता. आणि मला एकदा ऐकलेलं गाणं जन्मभर पाठ. मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून तालमीत आप्पांच्या मांडीला मांडी लावून बसायचे आणि ते अडले की कानात पुढची ओळ घालायचे. कुणाला कळायचं नाही. पेटीवर ओणवं होऊन आप्पा माझ्याकडे झुकले की लोकांना वाटायचं, बापाची लेकीवर माया आहे.

मोठी झाल्यावर अडचण आली. सोळाव्या वर्षी मांडीला मांडी लावून बसणार कशी? आणि पुढच्या ओळीत बसायचं तर हातात साज हवा, कायदा आप्पांचाच. आमच्या पार्टीतला खंजिरीवाला लग्न करून सासुरवाडीला राहायला गेला होता. आप्पांनी त्याची खंजिरी माझ्या हातात दिली. चामड्याची नव्हती ती. लाकडी कडं, त्याला खाचा, खाचांत खिळ्यावर ओवलेल्या पितळी चकत्यांच्या जोड्या. "हळू वाजव," आप्पा म्हणाले. मी जोरात वाजवली. पहिल्या रविवारी गौतममामाने ढोलकी दोनदा थांबवली. दुसऱ्या रविवारी तात्यांनी डोळे उघडले, आणि आमच्या घरात ही मोठी घटना होती.

मग एक दिवस आप्पा म्हणाले, खंजिरीचे खिळे ढिले झालेत, आवळून आणतो. आणली. हातात घेतली तर जरा बसल्यासारखी वाटली, नुसती थप्प थप्प. मी विचारलं तर म्हणाले, "नवा खिळा हाय, आवाज दाबतो. मैदानात उघडंल." घरात अंधार, चुलीचा धूर, शेजारी ढोलकी कडाडतेय, आणि मला मुळातच काय वाजतंय ते कळत नव्हतं. मी मान हलवली. पण त्या रविवारी गंमत झाली. मामाने एकदाही ढोलकी थांबवली नाही. तालीम संपल्यावर तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरीचा हात बसला बरं का. आता कशी साजात मिसळती." मी अंगणात जाऊन लिंबाखाली एकटीच हसत उभी राहिले. पुढे कितीतरी दिवस मी शाळेत सांगत सुटले की मी पार्टीत खंजिरी वाजवते. लेझमीच्या बाईंनाही मुद्दाम जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "काय सांगतेस!" आणि मला त्यांच्या तोंडावरचं आश्चर्य फार आवडलं. आज ते चित्र डोळ्यांसमोर आलं की मी उशीत तोंड घालते.

त्या वर्षी दौंडला नवा विहार बांधून होत आला होता. उद्घाटनाला कोणती पार्टी गाणार, हे जयंतीच्या दिवशी सामना लावून ठरवायचं असं तिथल्या मंडळींनी ठरवलं. संध्याकाळी मिरवणूक, म्हणून सामना दुपारी, रेल्वे वसाहतीजवळच्या मैदानात मांडव घालून. समोर दौंडची प्रभाकरची पार्टी. प्रभाकर हा रेल्वेत कामाला, पांढरी पँट, मोठी कॉलर, आवाज खणखणीत, आणि त्याच्या पार्टीत बेंजो. त्या विहाराच्या विटांच्या कामावर आप्पा स्वतः होते. तिथे पहिलं गाणं आपलं व्हावं एवढंच त्यांना हवं होतं. दुसरं काही त्यांनी आयुष्यात इतक्या तळमळीने मागितलेलं मी पाहिलं नाही. टेंपोत बसून जाताना ते सारखे म्हणत होते, "भिंत माजी हाय, गाणं बी माजंच पायजे." आईने ठेचा-भाकरीचं गाठोडं बरोबर घेतलं होतं. माझ्या अंगावर नवं पातळ, हातात भरपूर बांगड्या. खंजिरी आप्पांनी पिशवीतून शेवटपर्यंत काढली नाही.

सामना म्हणजे एकाने गाण्यातून टोला मारायचा, दुसऱ्याने परतवायचा. आमची सुरुवात झक्क झाली. मांडव भरलेला, बायका एका बाजूला, पुढे पोरंटोरं, कडेने गावोगावचे लोक, अगदी निमोण्याचे बागाईतदारही मोटारसायकली उभ्या करून. आप्पांना रंग चढला. आणि रंगाच्या भरात त्यांनी बेंजोवर तिथल्या तिथे जोडलेला टोला हाणला:

"पेटी, ढोलकी, तुणतुणं, खंजिरी, चार साजांचा मेळ,
बेंजोवाल्या, जा वरातीत, हितं विचारांचा खेळ!"

मांडव उठून उभा राहायचा बाकी होता. शिट्ट्या पडल्या. मी पण खंजिरी डोक्यावर नेऊन हलवली. प्रभाकर मात्र हसत होता. त्याने बेंजोवाल्याला हाताने थांबवलं, माईक धरला आणि गाणं सोडून सरळ बोलला. "आप्पा, मान्य. चार साज आसली. मग होऊन जाऊ द्या की. एकएक साज एकटा ऐकवा. आमचा बेंजो बी एकटा वाजंल. पब्लिक ठरवंल कोन खरं बोलतंय." लोक ओरडले, "व्हय, व्हय, होऊन जाऊ द्या!" टोला आपणच हाणलेला, आता मागे सरकता येणार नव्हतं.

आप्पांनी पेटी वाजवली. मला तेव्हा वाटलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजवताहेत. आता कळतं का ते. मग मामाची ढोलकी, त्याने मैदान हलवून सोडलं. मग तात्या, डोळे मिटून, एका तारेवर, आणि त्यांनाही टाळ्या पडल्या. मग मंडपवाल्याच्या माणसाने माईकचा दांडा उचलून माझ्यापुढे आणला आणि माझ्या छातीशी वाकवून ठेवला. मी खंजिरी उचलली आणि वाजवली.

थप्प. थप्प. आणि त्यावर बांगड्यांची किणकिण. एवढंच. मी जोरात हलवली. बांगड्या जोरात वाजल्या. भोंग्यातून मैदानभर, पार रेल्वेच्या चाळीपर्यंत माझ्या बांगड्या वाजत होत्या आणि खंजिरी गप्प होती. पुढची पोरं आधी हसली, मग बायका, मग सगळे. प्रभाकर म्हणाला, "आप्पा, तुमचा चौथा साज बांगड्या हाय, ते गान्यात सांगायचं ऱ्हायलं." मी खाली बघितलं. मांडवाच्या फटीतून ऊन नेमकं माझ्या हातावर पडलं होतं. प्रत्येक चकतीच्या जोडीत मध्ये कापडाचा गोल तुकडा बसवलेला होता, नीट कातरलेला, कडा धुराने काळ्या झालेल्या, मध्ये निळा रंग. तो निळा रंग मी ओळखला. माझ्या शाळेच्या जुन्या स्कर्टचा. म्हणजे आईने तो कातरला होता. त्या दोघांना माहीत होतं. तात्या म्हणाले होते हात बसला, कारण ऐकायला काही नव्हतंच. हे सगळं मला एका दमात कळलं आणि मी आप्पांकडे बघितलं.

आप्पा पेटीच्या पट्ट्यांकडे बघत होते. स्टेजवर फोटोला हार घातलेला होता, मेणबत्त्या जळत होत्या. त्या फोटोपुढे आप्पा खोटं बोलत नसत, हा त्यांचा तिसरा कायदा. त्यांनी आपला माईक ओढला. "खंजिरीत कापाड मी घातलंय. पोरीला ताल न्हाई. बाकी तीन साज खरं हायती."

पोरीला ताल न्हाई. हे भोंग्यातून. मला आधी काही वाटलंच नाही, मग पायाच्या अंगठ्यापासून लाज चढायला लागली. ती मांडीवर आली, पोटात आली, मानेवर आली. मी मान खाली घातली तरी ती चढतच होती. निमोण्याचे लोक होते, शाळेतल्या मुली होत्या. मला तिथून उठून जायचं होतं, पण पुढच्या ओळीतून उठायला सगळ्यांच्या समोरून जावं लागणार होतं. म्हणून बसून राहिले. प्रभाकर काही वाईट माणूस नव्हता, पण सामन्यात समोरच्याला सोडायचं नसतं. त्याने विचारलं, "ताल न्हाई, तर मंग पुढच्या वळीत कशापायी बसावली?"

त्याचं उत्तर आप्पांकडे होतं, माझ्याकडेही होतं. माझी उणीव त्यांनी मैदानभर सांगितली होती, स्वतःची पोटात ठेवली होती. ते भाता ओढायला लागले आणि गाणं सुरू केलं, आमचं नेहमीचं, हुकमी. धृपद झालं. पहिला अंतरा झाला. मैदान पुन्हा शांत झालं, कारण आवाज तर आप्पांचा होता. दुसरा अंतरा उचलला:

"पाटी आणली, लेखणी आणली, उजेड आला घरी..."

आणि पाटी कोरी. आप्पांनी तीच ओळ पुन्हा घेतली. पुन्हा घेतली. आणि सवयीने, वर्षानुवर्षांच्या सवयीने, ते माझ्याकडे झुकले. मी रागावलेली होते, रडायच्या बेतात होते, पण माझं तोंडही त्याच सवयीचं. मी हळूच, अगदी कानात सांगावं तसं म्हणाले, "बस लेकरा, बस तू आता पुढच्या वळीवरी."

माईक माझ्याच पुढे होता. खंजिरीसाठी आणलेला, कुणी उचललाच नव्हता. माझी कुजबूज भोंग्यातून मैदानभर गेली. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, म्हनून बसवलीय!" आणि दुसऱ्यांदा सगळा मांडव हसला. या वेळी आप्पांना.

आप्पांचा हात भात्यावर थांबला. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. आपल्या बापाला लाजलेलं बघणं यासारखी वाईट गोष्ट नाही. माझी लाज मी कशीबशी सोसली असती, पण त्यांचीही येऊन माझ्याच अंगावर पडली. तात्या तेवढे तार छेडत होते. मग आप्पांनी घसा खाकरला आणि उघड, सगळ्यांदेखत माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "सांग." मी माईकमध्ये ओळ सांगितली. त्यांनी ती गायली. "सांग." पुढची सांगितली. असं करत, मी सांगतेय आणि ते गाताहेत, असं ते गाणं आम्ही शेवटाला नेलं. टाळ्या पडल्या, पण त्या दया आल्यासारख्या. विहाराच्या उद्घाटनाला प्रभाकरची पार्टी गायली, बेंजोसकट. आप्पा गेले नाहीत.

घरी आल्यावर आईने पिठलं टाकलं, ते कढईतच राहिलं. मी आईला म्हणाले, मला आधी का नाही सांगितलंस? ती चुलीतली लाकडं मागे ओढत म्हणाली, "तुज्या हाताला ताल न्हाई, ह्यांच्या डोक्यात वळ ऱ्हात न्हाई. दोघं मिळून कुठं एक मानूस व्हतंय. म्हनून कातारलं कापाड. मला काय म्हाईत, लोक एकएक साज ऐकत्यात?"

पुढच्या रविवारी आप्पांनी घोंगडी टाकली, माझ्या जागेवर खंजिरी ठेवली. कापड काढून टाकलेली, चकत्या लखलखीत. मी अभ्यासाचं निमित्त सांगून लिंबाखाली जाऊन बसले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. वर्षभराने पार्टीत एक साज नवा आला, बेंजो. ज्या आप्पांनी त्याला वरातीत हाकललं होतं त्यांनीच शिरूरच्या एका पोराला घेतलं. शब्द सांगणं बेंजोला येत नव्हतं, पण आप्पा अडले की तो चाल वाजवत राहायचा, ओळ आठवेपर्यंत. लोक म्हणाले, आप्पा बदलले, जमान्याबरोबर गेले. माझी जागा बेंजोने घेतली होती, हे फक्त आमच्या घरात माहीत होतं.

आणि मला नोकरी लागली ती कुठे, तर दौंडला. त्याच मैदानावरून रोज ऑफिसला. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारा शिपाई चहा ठेवताना माझ्याकडे निरखून म्हणाला, "म्याडम, तुम्ही निमोण्याच्या का? त्या मुक्या खंजिरीच्या?" मी नाही म्हटलं.

आप्पा खूप जगले. शेवटी शेवटी त्यांचं विसरणं ओळींवरून माणसांवर आलं. आधी शेजारी गेले, मग नातवंडं, मग आईला ते "कोन बाई हाय ही, लई चांगली हाय" म्हणायला लागले. मी सुट्टी काढून निमोण्याला जाऊन राहिले तर मला "याव बाई, बसा" म्हणाले, पाहुण्याला म्हणतात तसं. मी रोज त्यांच्या खाटेशी बसून जुनी गाणी म्हणायचे, ते ऐकायचे, पण माझ्याकडे बघायचे ते परक्यासारखं. एका सकाळी गौतममामा भेटायला आला, काठी टेकत. वस्तीतल्या चार बायकाही अंगणात आलेल्या. मामा खाटेवर टेकला, माझ्याकडे बोट करून मोठ्याने म्हणाला, "दाजी, हिला वळखलं का? कोन हाय ही?"

आप्पांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्या तोंडावर हसू आलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "म्हंजी? ही माजी सुमी. हिला ताल न्हाई."

बायका हसल्या. माझे कान लालबुंद झाले, मैदानात झाले होते तसेच. मी पदर तोंडाला लावला, त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "व्हय आप्पा, मीच ती."